माशाचा दात, शोधक मुनीर चाळणीवाले

आत्मचरित्र लोक दात पडल्यावर लिहितात. माझे सगळे शाबूत हायेत, वय तिशीच्या जरा पुढं, आणि तरी मी हे प्रकरण लिहून राहिलो, कारण त्या वर्षी जे लोक मी बघितले ते विसरायच्या आधी त्यांची नक्कल कागदावर करून ठेवायची हाय. तोंडानं तर मी रोज करतोच. आमच्या देगलुरात मासा म्हणलं की लोक दिवसा नाकाला रुमाल लावतात आणि संध्याकाळी तेच लोक पिशवी घेऊन मासळीच्या गल्लीत उभे राहतात. असल्या गावात मी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे दात गोळा करत होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की पहिला प्रश्न, "खातेत का?" दुसरा, "इकतेत का?" दोन्हीला न्हाई म्हणलं की समोरचा माणूस माझ्याकडं न्हाई, माझ्या बापाकडं दयेनं बघायचा.

बाप, म्हणजे आमचे अब्बा, चाळण्या करायचे. गोड्या तेलाचे रिकामे डबे कापायचे, त्याच्या पट्ट्यांची कडी वळवायची, दोन कड्यांच्या मधे जाळी ताणून बसवायची आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत गोल फिरायचं. आमच्या घरात सकाळची अजान आणि ही ठकठक यांच्या मधे फक्त चहा असायचा. डब्याचा रंगीत भाग आत यायचा, म्हणून आमच्या चाळणीतून पीठ चाळताना बाईला कड्याच्या आतल्या अंगाला अर्धं सूर्यफूल न्हाईतर भुईमुगाची शेंग दिसायची. चाळणी झाली की अब्बा ती आभाळाकडं धरून एक डोळा मिटून बघायचे. मी त्यांच्या मागं उभा राहून तस्साच डोळा मिटायचो, तस्सेच ओठ मुडपायचो, आणि अम्मी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसायची. अब्बाला मागं न बघता कळायचं. "हौ, कर, कर नकलां," म्हणायचे, "एक दिन तेरी बी कोई करींगा."

घरात मोठा भाऊ रफीक होता, पण तो निजामाबादला टायरच्या दुकानात, जुम्म्याला यायचा, मटण खायचा, सगळ्यांना उपदेश करायचा आणि शनिवारी जायचा. त्याची बायको शाहीनभाभी, उदगीरची. लई हसरी आणि लई हट्टी. तिला तेव्हा सहावा महिना होता. खट्ट्या दालीत चिंच कमी पडली म्हणून ती वरून आणखी चिंच चोखायची. रफीकभाईनं डॉक्टरच्या हवाल्यानं तिला भली मोठी बंदी घालून दिली होती: चिंच नक्को, लोणचं नक्को, मिशरी नक्को, आणि माती तर बिल्कुल नक्को. ही माती काय भानगड हाय ते पुढं सांगतो.

दातांचं वेड लागलं बालाजीमुळं. बालाजी माझा कॉलेजातला दोस्त, शेतकऱ्याचा पोरगा. त्यांच्या रानात विहीर खोल करून राहिले होते. गावाचं नाव सांगणार न्हाई. सांगितलं तर नांदेडहून साहेब लोक हॅट घालून येतील. काळा दगड फोडत फोडत खाली गेले तर मधेच पांढुरकी, साबणासारखी मऊ माती लागली, आणि तिच्याखाली परत काळा दगड. बालाजीचा बाप त्या मातीवर भयंकर चिडला होता, कारण तिच्यात पाणी न्हाई आणि तिचा उपयोगबी न्हाई. बालाजी मला म्हणला, "मुन्ना, खाली गोगलगाईचे शंख हायेत लेका. दगडाचे झालेले. चल दाखवतो." मी दोराच्या पाळण्यात बसून विहिरीत उतरलो. शंख होतेच. मातीचं एक ढेकूळ मी घरी आणलं, बादलीत भिजवलं, ते चहात बिस्कीट विरघळावं तसं विरघळलं. मंग अब्बाच्या मैद्याच्या चाळणीत ओतून नळाखाली धुतलं. गाळ गेला, वर चिमूटभर खरकटं राहिलं. ते वाळवलं, कागदावर पसरलं आणि घड्याळवाल्याकडून मागून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं.

मोहरीएवढे, काही तर त्याहून बारके. काळे, चकचकीत, टोकदार. टोकाला काचेसारखी झाक. अम्मीनं तळलेल्या मरळ माशाचं डोकं मी धुऊन वाळवून ठेवलं होतं, त्याच्या जबड्यातले दात आणि हे शेजारी शेजारी धरले. एकाच कारखान्याचा माल. मोबाईलवर एक परदेशी दाढीवाला ओढ्यात बसून हेच काम करताना दिसला, आणि त्याच्याकडची चाळणी आमच्या चाळणीपुढं झक मारते हेबी मी बघून ठेवलं. त्या दिवशी मी जेवलो न्हाई. लाव्हारसाचे दोन थर, त्यांच्या मधल्या काळात कुठंतरी एक तळं, त्या तळ्यात मासा, माशाच्या तोंडात दात, आणि तो दात आता माझ्या बोटाच्या थुंकीला चिकटून बसला होता. हे ज्याला सांगावं असा माणूस गावात नव्हता. म्हणून मी नांदेडला गेलो, आणि तिथं मला बोधनकर साहेब भेटले.

बोधनकर साहेब कुठल्यातरी खात्यातून क्लास वन म्हणून रिटायर झाले होते आणि हे ते 'नमस्कार'च्या आधी सांगायचे. निसर्गप्रेमी लोकांचं एक मंडळ त्यांनी काढलं होतं. अध्यक्ष तेच. घरात काचेचं कपाट, कपाटात दिवा, दिव्याखाली दगड. बोलताना ते हनुवटी वर उचलायचे आणि प्रत्येक वाक्य असं संपवायचे की जणू पुढं टाळ्यांसाठी जागा सोडली हाय. मी त्यांच्या दारात पाऊल ठेवलं आणि मनातल्या मनात त्यांची नक्कल बसवायला घेतली. हनुवटी पहिल्याच मिनिटाला जमली. आवाजाला जरा वेळ लागला, कारण तो नाकातून निघून घशात वळायचा.

"हे पाहा," ते कपाट उघडून म्हणाले, "डायनासोरचं अंडं. आमच्या मंडळाचा सर्वांत मौल्यवान ठेवा."

मी बघितलं. ते काळ्या दगडाचं गोल बोंड होतं. आमच्याकडं कुठल्याबी नाल्यात असली बोंडं पडलेली असतात, कांद्यासारखी सालं निघतात त्याची. आमचे अब्बा जाळी दाबायला तसलंच एक अंडं वापरायचे. मी म्हणलं, "साहेब, हा दगड झिजून असा झालाय."

"नाव काय म्हणालास?"

"मुनीर. देगलूरचा. आमच्या चाळण्या असतेत."

"चाळण्या," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांनी मला दाराबाहेर नेऊन ठेवलं. मंग मी माझी बाटली काढली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली, तळाला दात. त्यांनी ती उजेडाकडं धरली, हलवली, आणि हसले. "ही मोहरी आहे की काय रे? लोकांना जे दिसत नाही, ते संग्रहात ठेवून काय उपयोग?" माझी पडलेली मान बघून त्यांना दानशूर व्हायची लहर आली. "असं कर. पुढच्या महिन्यात आमचं प्रदर्शन आहे. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आण. मी कार्ड लावीन, त्यावर शोधक म्हणून तुझं नाव घालीन."

आता लपवून काय करायचं, त्या कार्डासाठी माझा जीव टांगणीला लागला. ज्या माणसाची मला कीव येत होती, त्याच्याच हातचं कार्ड मला पाहिजे होतं. छापलेलं, काचेमागं, दिव्याखाली. देगलुरात माझं छापलेलं नाव फक्त नापासांच्या यादीत लागत होतं.

मी परत विहिरीत उतरलो. बालाजीच्या बापानं बघून म्हणलं, "पोरा, सगळी माती घिऊन जा, ट्रॅक्टर दिऊ का?" शोधता शोधता एक मोठं ढेकूळ हाती आलं, ज्याच्या फुटलेल्या कडेला काळ्या दातांची एक रांगच डोकावत होती. जबडा. अख्खा जबडा आत असणार. ते ढेकूळ ओलं फोडलं असतं तर रांग मोडली असती, म्हणून मी ते गच्चीवर पत्र्याच्या ताटात, जुन्या चाळणीखाली झाकून सावकाश वाळत ठेवलं. शेजारी आणखी चार-दोन ढेकळं ठेवली. आणि इथंच मी चुकलो, कारण गच्चीवर पांढरी माती वाळत ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं पोटुशी बाई माती खाते. पांढरी, भाजल्यासारख्या वासाची. डॉक्टर ओरडतेत, नवरे बंदी घालतेत, आणि सासवा गुपचूप आणून ठेवतेत. कुणी हातात देत न्हाई आणि कुणी तोंडानं बोलत न्हाई. सासूनं गच्चीवर, कोनाड्यात, अशी कुठंतरी झाकून ठेवायची, सुनेला ती 'सापडायची', आणि दोघींनी जन्मभर त्याचा विषय काढायचा न्हाई. त्याला लिहाज म्हणतात. भाभीनं गच्चीवर झाकलेली पांढरी माती बघितली आणि तिला वाटलं, सास हो तो ऐसी. अम्मीनं ती माती कमी होताना बघितली आणि तिला वाटलं, उदगीरहून माहेरच्यांनी पाठवली असंल. दोघी एकमेकींकडं बघून गोड हसत होत्या, आणि खाली बसून मी उंदरांना शिव्या देत होतो.

एका दुपारी गच्चीवर गेलो तर जबड्याचं ढेकूळ फुटलेलं. मी एकेक करून तुकडे बाजूला केले, आणि त्या चुऱ्यात तो दिसला. मोठा. चिंचोक्याच्या अर्ध्याएवढा, एका बाजूनं चकचकीत, दुसरीकडून तपकिरी-काळा, वर खडबडीत उंचवटे. बारके दात त्याच्या भोवती भुग्यात पडले होते, पण कोण बघतो त्यांच्याकडं? मी जिन्यावरून नाचत खाली आलो. घरात चार-पाच दिवस लवंगेचा वास येऊन राहिला होता. मला वाटलं बिर्याणीची तयारी चालू हाय. भाभी गालाला ओढणी लावून बसली होती. मी तिलाच पहिल्यांदा मूठ उघडून दाखवायला गेलो तर ती तोंड फिरवून म्हणली, "नक्को मुन्ना, मेरा सर दुखता." त्या दिवशी तिनं बघितलं असतं तर पुढची सगळी मजा वाचली असती. असो. भिंग लावून नीट बघितलं असतं तर मलाबी कळलं असतं. पण मला मोठा दात पाहिजे होता, आणि ज्याला जे पाहिजे ते भिंगात दिसतं.

बोधनकर साहेबांनी तो तळहातावर घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना पेन्शनीत वाढ मिळाली. उलटा केला, सुलटा केला, उजेडात नेला. "अरे, हा चावणारा दात आहे. शिंपले फोडून खाणारा अजस्र मासा. त्या काळी आपल्या मराठवाड्यात..." आणि पुढं वाक्य संपवून त्यांनी टाळ्यांना जागा सोडली. घरात फक्त त्यांच्या मिसेस होत्या, त्या चहा ठेवायला निघून गेल्या.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलात भरलं. अंड्याच्या शेजारी, कापसाच्या गादीवर, दिव्याखाली माझा दात. वर कार्ड. 'प्राचीन महाकाय माशाचा दात. मार्गदर्शक : श्री. बोधनकर.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'शोधक : मुनीर चाळणीवाले, देगलूर.' मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते विचारू नका. कॉलेजची पोरं येत होती, सेल्फी घेत होती. एक गुरुजी शाळेची रांग घेऊन आले आणि म्हणाले, "पाहा, या दातानं माणूससुद्धा सहज चावून टाकला असता." त्या काळात माणूस नव्हता हे गुरुजींना कोण सांगणार? आज मी लग्नात, दर्ग्याच्या संदलात, सत्कारात माईकवर बोलायचा धंदा करतो, हजारो माणसं बघतो. पण ठाम अडाणीपणा जसा त्या हॉलात बघितला तसा परत न्हाई बघितला. त्या वेळी मात्र मला सगळे लई हुशार वाटत होते, कारण सगळे माझं कार्ड वाचत होते.

मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दात, एकदम जवळून. संध्याकाळी घरी पोचलो तर अंगणात अब्बाची ठकठक बंद. अम्मी मोबाईल हातात धरून बसलेली. भाभी कोपऱ्यात, खांदे हलत होते. हसत होती का रडत होती ते कळंना. दोन्ही करत होती.

"मुन्ना," अम्मी म्हणली, "ये किसका दांत है?"

"मछली का, अम्मी. साडेसहा कोटी—"

"मेरा है," भाभी म्हणली. आणि तिनं तोंड उघडून मागची दाढ दाखवली. अर्धी. आतून किडलेली, मिशरीनं काळी, कडेला कपचा उडालेला. मंग एकेक करून सगळं बाहेर आलं. ती गच्चीवर माती खात होती, कडाक् असा आवाज झाला, खडा लागला म्हणून तिनं ताटातच थुंकलं, तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले, तिनं सगळं तस्संच झाकून दिलं. दाढ तुटली हे तिला नंतर जिभेला कळलं. सांगावं तर माती सांगावी लागंल, म्हणून ती लवंग चावत बसली. "मैं समझी मट्टी तुम रखे," ती अम्मीला म्हणली. अम्मी म्हणली, "मैं समझी तेरे मायके की." आणि दोघींनी मिळून माझ्याकडं बघितलं.

अब्बा विचार करून राहिले होते. "मट्टी में मछली थी बोलता ना ये? फिर डर नक्को. मछली पो छुरी फिरा को जिबह करना नक्को लगता. हलाल खाई बच्ची."

पण अम्मीला हसू येत नव्हतं. आमच्यात केस, नखं, दात इकडं तिकडं टाकत न्हाईत, मातीत पुरतात. अंगाचा तुकडा हाय तो, त्याची बेअदबी चालत न्हाई. त्यातून भाभीचं आधीचं एक लेकरू पोटातच गेलं होतं. तेव्हापासून अम्मी तिच्या बाबतीत सावलीलाबी भ्यायची. आणि ह्या बाईची दाढ नांदेडला काचेत, दिव्याखाली. "गैर मर्दां आको बहू का दांत देख रै," अम्मी म्हणली, "सेल्फी निकाल रै! ला को दे मेरेकू. कल के कल."

"दांत कू परदा होता क्या?" अब्बा पुटपुटले, आणि अम्मीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते मोगरी शोधायला उठले.

मी तडफडलो. दाढ आणली की कार्ड गेलं. मी म्हणलं, प्रदर्शन संपू द्या, मंग आणतो. मी म्हणलं, शेवटी मऊ गादीवरच ठेवलाय ना, कापूस काय, माती काय. भाभी पोटावर हात ठेवून बसली होती, आणि हसणं थांबलं होतं. तिला भीती वाटून राहिली होती. अम्मीएवढीच, फक्त ती दाखवत नव्हती. मंग मी साहेबांना फोन लावला.

"काहीतरीच काय बोलतोस," साहेब म्हणाले. "अनेक जाणकारांनी तो पाहिला आहे. पुरावा काय तुझ्याकडे?" फोन स्पीकरवर होता. भाभीनं ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणली, "बोल उनकू, पुरावा मेरे मुंह में है. लेको आरूं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. नरसी, नायगाव, प्रत्येक खड्ड्याला अम्मी कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणायची, "आहिस्ता बोलो उसकू, पेट से है बच्ची." हॉलात गर्दी होती. अम्मी पंख्याखाली खुर्ची ओढून पहाऱ्याला बसली. साहेब हॅट घालून आले. छताखाली, हॉलात, हॅट.

"ताई," ते हनुवटी उचलून म्हणाले, "तुमचा गैरसमज झाला आहे. हा दात साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

"मेरेकू चौबीस चल रै," भाभी म्हणली. "खोलो ये."

कॉलेजची पोरं गोळा झाली. एवढ्या लोकांत साहेबांना माघार घेता येईना. त्यांनी कुलूप उघडलं, चिमट्यानं दात उचलला, आणि दुसऱ्या हातात भिंग धरून, मोठ्या संशोधकाच्या थाटात, भाभीच्या तोंडाकडं वाकले. भाभीनं चिमट्यातून तुकडा काढून घेतला, पुसला, आणि मागच्या दाढेवर ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला. साहेब बराच वेळ वाकलेलेच होते. मला वाटलं आता हा माणूस हसंल, न्हाईतर निदान लाजंल. तेवढंबी झालं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. ते सरळ झाले, भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "साम्य आहे. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे."

भाभीनं तुकडा ओढणीच्या गाठीत बांधला. "साम्य मैं घर लेको जारूं," म्हणली आणि अम्मीच्या शेजारी जाऊन बसली.

साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. मंग त्यांनी दुसऱ्या कपाटातून एक काळी दगडाची कपची उचलली आणि माझ्या कापसावर ठेवली. काच बंद केली. कार्ड तसंच. मी म्हणलं, "साहेब, हे काय?"

"परवा समारोप आहे," ते हळूच म्हणाले. "पाहुणे यायचेत. रिकामं कसं दिसेल? आणि नाव तुझंच आहे ना वर? कोणाला कळतंय."

एक बाई लेकराला घेऊन आली, कपचीकडं बोट दाखवून म्हणली, "बघ, केवढा दात!" आणि पुढं गेली. खरंच कुणाला कळत नव्हतं. समारोपानंतरबी साहेबांच्या कपाटात माझं नाव वर्षभर राहिलं असतं. देगलूरला कुणाला सांगायला, फोटो दाखवायला, अब्बांच्या गिऱ्हाइकांना ऐकवायला. मी खोटं बोलत न्हाई: तेवढा वेळ मी हिशोब करत उभा राहिलो. मंग मला दिसलं की त्या हॉलात मला जे नाव पाहिजे होतं ते देणारा हा माणूस, आणि ते वाचणारे ते लोक, आणि त्यातल्या कुणाच्याबी मताची किंमत मी बालाजीच्या बापाच्या शिवीएवढीबी धरत नव्हतो. मी काच उघडली आणि कार्ड उपटून घेतलं.

"अरे! हे मंडळाचं कार्ड आहे! तुझ्यासारख्यांना संधी दिली की हे असं—"

मी हनुवटी वर उचलली. आवाज नाकातून काढून घशात वळवला. "ही कपची, आणि दात," मी म्हणलं, "साम्य आहे. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे." आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. पोरांनी ती भरून काढली. साहेबांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी खरं दिसलं, म्हणजे राग.

मंडळ अजून चालू हाय, अंडंबी हाय, आणि मागच्या वर्षी त्याला नवीन दिवा बसवला असं ऐकलं. वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो येतो. माझा येत न्हाई, आणि मी आता ते अंडं बघायला जात न्हाई.

त्या दिवशी घरी येऊन अम्मीनं अंगणाच्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली, खुरप्यानं खड्डा काढला, काहीतरी पुटपुटली आणि दाढ पुरली. भाभी उभी राहून बघत होती. मंग ती माझ्याकडं वळली. "मुन्ना, वो असली दांतां किधर है? मछली के?"

"हायेत. पण दिसत न्हाईत ते कुणाला."

"दिखा."

मी गच्चीच्या ताटातला उरलेला भुगा आणला, चाळला, कागदावर पसरला. भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं. तिला आधी दिसंना, मंग दिसले. रांगेतले चार दात अजून एकाला एक धरून होते, काळे, टोकदार, टोकाला काच. ती लई वेळ बघत राहिली. जीभ तिच्या तुटक्या दाढेवर फिरत होती, गालातून दिसत होती. शेवटी तिनं भिंग काढलं आणि डोक्यावरची ओढणी नीट केली, घरात कुणी वडीलधारं आल्यावर करते तशी.

"इत्ते इत्ते से," भाभी म्हणली. "और इनो तोडे मेरी दाढ?"